‘जात’ : एका शब्दाची झडती

‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानांतून, वर्गांतून आणि चळवळीच्या बैठकांतूनही इतक्या वेळा ऐकू येते, की त्याला आता म्हणीचे वजन आले आहे. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. जातीचा चिवटपणा त्याला सांगायचा असतो. ऐकणारे मान डोलावतात, थोडे हसतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. माझी तक्रार नेमकी येथे आहे. कोटी म्हणून हे वाक्य चोख आहे. विचार म्हणून ते शरणागतीचे आहे. एका उच्चाराच्या योगायोगातून ते एका समाजव्यवस्थेचे भवितव्य काढते आणि ते भवितव्य जणू भाषेतच लिहून ठेवलेले आहे असा भास निर्माण करते.

शिवाय ज्या दोन शब्दांवर ही कोटी उभी आहे त्यांचे एकमेकांशी कसलेही नाते नाही. ‘जाणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘या’ या धातूपासून आले आहे. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो, म्हणून ‘या’चा ‘जा’ झाला. त्याच नियमाने ‘यंत्र’ या शब्दापासून आपल्या आयाबहिणींचे ‘जाते’ आले. समाजाची जी ‘जात’ आहे तिचा धातू ‘जन्’, म्हणजे जन्मणे. ‘जन्’चा ‘या’शी संबंध नाही. तेव्हा जात ‘जात नाही’ हे सिद्ध करण्यासाठी भाषेला साक्षीला बोलावता येणार नाही. भाषा तशी साक्ष देत नाही.

मग ती कोणती साक्ष देते? मराठीत ‘जात’ या एका उच्चाराखाली निरनिराळ्या कुळांतले, निरनिराळ्या काळांत आलेले शब्द आणि अर्थ एकत्र नांदत आहेत. या सरमिसळीतून जातिव्यवस्थेला फार मोठा मानमरातब फुकटात मिळाला आहे असे मला वाटते. म्हणून या शब्दाची एकदा झडती घेतली पाहिजे.

१

‘जाति’चा मूळ अर्थ जन्म, एवढाच. जन्म ही प्रत्येकाच्या बाबतीत एकदा आणि एकाच रीतीने घडणारी घटना आहे. बौद्ध विचारातील प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांत ‘जाति’ अकरावी येते आणि तिच्या पाठोपाठ जरामरण येते. तेथे जाति म्हणजे जन्मच. ब्राह्मण-शूद्र असा भेद त्यात नाही. अर्हताच्या बाबतीत जाति क्षीण झाली असे पाली ग्रंथ म्हणतात तेव्हाही त्यांना पुनर्जन्मच अभिप्रेत असतो. आपल्या उत्साहाच्या भरात आपण तेथे जातिअंत वाचू नये. जुन्या शब्दांत आपल्या सोयीचे अर्थ कोंबण्याची सवय दुसऱ्यांची आहे. ती आपण घेण्याचे कारण नाही.

परंतु ‘जाति’ला लवकरच दुसरा अर्थ चिकटला, तो म्हणजे प्रकार, वंश, प्राणिमात्रांतला गट. गाय ही एक जाति, घोडा ही दुसरी. आजही आपण आंब्याची जात, ज्वारीची जात, बैलाची जात म्हणतो. पुढे तर्कशास्त्रज्ञांनी यावर मोठी इमारत उभी केली. अनेक गायींमध्ये जे समान ‘गोत्व’ असते ती जाति, असे न्यायदर्शन म्हणू लागले. येथवर शास्त्र निरुपद्रवी होते. पण कुमारिल भट्टासारख्या मीमांसकाने ब्राह्मणत्व हीसुद्धा गोत्वासारखीच खरीखुरी जाति आहे आणि आईबापांची माहिती असली की ती प्रत्यक्ष दिसते असा पक्ष मांडला, तेव्हा शब्दाने आपले काम केले होते. गाय आणि घोडा यांच्यातला फरक गावाच्या आतल्या आणि वेशीबाहेरच्या माणसांतला फरक बनला. निसर्गाचा शब्द माणसाने केलेल्या कुंपणाला लावला गेला आणि कुंपण नैसर्गिक दिसू लागले.

या डावाचे उत्तर मात्र कुमारिलाच्या कित्येक शतके आधीच देऊन झाले होते. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद आहे. ब्राह्मण जन्माने होतो असे भारद्वाज म्हणतो, शीलाने होतो असे वासेट्ठ म्हणतो. दोघे निवाड्यासाठी बुद्धाकडे येतात. बुद्धाने तेथे जो युक्तिवाद केला तो आजच्या भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. तो गवतापासून सुरुवात करतो. गवत, झाडे, किडेमुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यात निरनिराळ्या जाति आहेत आणि त्यांच्या शरीरावर त्यांची वेगळी लक्षणे आहेत. माणसांत तसे लक्षण केसांत नाही, डोक्यात नाही, डोळ्यांत नाही, हातापायांत नाही. माणसामाणसांतला फरक केवळ नाव देण्यातून, व्यवहारातल्या संज्ञेतून आलेला आहे. पालीत यासाठी ‘समञ्ञा’ असा शब्द आहे.

हे उत्तर दयेचे नाही, उपदेशाचेही नाही. ‘सर्व जाति समान आहेत’ असे बुद्ध येथे म्हणत नाही. ‘जाति’ हा शब्द माणसांमधल्या गटांना लागूच पडत नाही असे तो म्हणतो. पहिल्या उत्तरात जाति शिल्लक राहतात, दुसऱ्यात राहत नाहीत. आपल्याकडे ‘जातिभेद करू नका’ म्हणणारे सुधारक पुष्कळ झाले. ‘भेद’ काढा आणि ‘जाति’ ठेवा असा त्या शब्दाचा सौम्य अर्थ होतो. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या भाषणाच्या मथळ्यात भेदाचा नव्हे, जातीच्याच निर्मूलनाचा शब्द घातला. मंडळाला ते भाषण पचले नाही, ते झाले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढले.

त्या मंडळाच्या नावाकडेही क्षणभर पाहावे. ‘जात-पात’मधली ‘पात’ म्हणजे पंक्ती, जेवणाची पंगत. जात म्हणजे कोणाशी लग्न करायचे, पात म्हणजे कोणाबरोबर जेवायचे. बेटी आणि रोटी, व्यवस्थेच्या या दोन्ही बिजागऱ्या लोकभाषेने एका जोडशब्दात धरून ठेवल्या. यांपैकी कोणती बिजागरी मुख्य हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले होते. गटाबाहेर लग्न न करण्याचा निर्बंध हेच जातीचे मर्म, आणि जात म्हणजे दारे बंद करून बसलेला वर्ग. याचा अर्थ असा की ज्या शब्दाच्या पोटात ‘जन्म’ आहे ती वस्तू जन्माने बनत नाही, लग्नाच्या कुंपणाने बनते.

२

आता या शब्दाच्या उच्चाराकडे येतो. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला एकटा ‘त’ गळून पडतो हा सर्वमान्य नियम आहे. ‘माता’ची माय झाली, ‘भ्राता’चा भाऊ झाला, ‘घात’चा घाव झाला. या नियमाने ‘जाति’चे मराठीत काय व्हायला हवे? ‘जाई’. आणि तसे झालेही आहे. संस्कृतात ‘जाती’ हे एका सुगंधी फुलाचेही नाव आहे. लोकांच्या जिभेवर घासून त्याची जाई झाली. ‘जातीफल’चे जायफळ झाले, ‘जातीपत्री’ची जायपत्री झाली.

फुलाचा शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून वाहत आला, म्हणून मऊ झाला. समाजाच्या ‘जात’मधला ‘त’ मात्र शाबूत आहे. म्हणजे या अर्थाचा आपला आजचा शब्द त्या वाटेने घासत आलेला नाही; तो पोथीच्या आणि दफ्तराच्या भाषेतून पुन्हा वर आला आणि टिकला. एवढ्यावरून जातिव्यवस्था मराठी मुलखात उशिरा आली असे मी म्हणणार नाही. ती जुनी आहे आणि तिचे घाव जुने आहेत. पण ‘हा आमच्या मातीतला शब्द आहे’ असे कोणी अभिमानाने म्हणाले तर त्याला जाई आणि जात शेजारी ठेवून दाखवावे.

३

‘त’ टिकण्याला आणखी एक आधार मिळाला असावा, आणि तो या झडतीतला सर्वांत चमत्कारिक पुरावा आहे. ‘साहेब जातीने हजर होते’ हे वाक्य आपण सहज बोलतो. ‘मी जातीने लक्ष घालतो’ असे पुढारी सांगतात. येथे जातीचा काय संबंध? काहीच नाही. हा शब्द ‘जन्’पासून आलेलाच नाही. तो अरबीतला ‘झात’ आहे आणि फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला आहे. त्याचा अर्थ स्वत्व, सत्त्व, खुद्द व्यक्ती. मोगल मनसबदारीत ‘झात’ आणि ‘सवार’ असे दोन आकडे असत. पहिला त्या माणसाचा व्यक्तिगत दर्जा सांगे, दुसरा त्याने बाळगायच्या घोडेस्वारांची संख्या. कोर्टात आरोपीला ‘जातमुचलक्या’वर सोडतात. तेथेही जात म्हणजे तो स्वतः. दुसऱ्या कोणाचा जामीन नाही, स्वतःच्या शब्दावर सुटका.

म्हणजे मराठीत एकाच लेखनाचे दोन ‘जात’ आहेत. एक म्हणतो, तू स्वतः, एकटा, आपल्या वर्तनाला आपणच जबाबदार. दुसरा म्हणतो, तू कोण आहेस हे तुझ्या जन्माआधीच ठरले आहे, तुझ्या वर्तनाचा येथे प्रश्न नाही. मोर्चातल्या कार्यकर्त्याला पोलीस ठाण्यात त्याची जात विचारली जाते आणि संध्याकाळी कोर्ट त्याला जातमुचलक्यावर सोडते, तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच दिवशी एकाच माणसाला भेटलेले असतात.

हे दोन शब्द वेगळे राहिले असते तर बरे झाले असते. पण उच्चार एक झाला आणि अर्थ एकमेकांत झिरपले. ‘बदजात’ हा मूळचा फारसी समास, ज्याचे सत्त्व वाईट तो. ‘कमजात’ही त्याच वळणाची शिवी. मराठी कानाने त्यात ‘वाईट जातीचा’, ‘हलक्या जातीचा’ असे ऐकले. एखाद्याचा स्वभाव वाईट म्हणजे त्याची जात वाईट, आणि जात हलकी म्हणजे स्वभावही तसाच, असे दुहेरी समीकरण भाषेत बसले. ‘जात्याच हुशार’, ‘जात्याच आळशी’ यांतले ‘जात्या’ संस्कृत आहे, ‘जन्मतः’ या अर्थाचे. तेही याच समीकरणाला येऊन मिळाले. ‘अखेर जातीवर गेलास’, ‘दाखवलीस ना जात!’ ही वाक्ये कोणाकडून कोणाला म्हटली जातात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

४

एवढी झडती शब्दकोशापुरती राहिली असती तर मी ती येथे मांडली नसती. पण हाच शब्द आपल्या साहित्यसमीक्षेच्या गाभ्यात बसलेला आहे. ‘जातिवंत कलावंत’, ‘जातिवंत कविता’, ‘या कथेची जातकुळी वेगळी आहे’, ‘अभिजात साहित्य’. मराठी समीक्षेतून हे चार शब्दप्रयोग काढून घेतले तर कित्येक प्रस्तावनाकार मुके होतील. ‘जातिवंत’ घोडा असतो हे समजते. पैदाशीचा तो शब्द आहे. कविता जातिवंत असते म्हणजे काय? ती चांगल्या पैदाशीची आहे? ‘अभिजात’चा शब्दशः अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे साहित्यकृतीचा गुण सांगण्यासाठी आपल्याकडे जो सर्वोच्च शब्द आहे तो गुणाचा नाही, कुळाचा आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला ‘अक्करमाशी’ हे नाव दिले, तेव्हा याच मोजमापाची उलटी बाजू त्यांनी पुढे केली. बारा माशांचा तोळा असतो, अकरा माशांचा तो भेसळीचा. सोन्याचा कस आणि माणसाचा जन्म एकाच तागडीत तोलणारी ही भाषा आहे.

कोणी म्हणेल, शब्दांचे मूळ अर्थ मरून गेलेले असतात, आता ‘जातिवंत’ म्हणजे केवळ ‘अस्सल’. मी हा आक्षेप मान्य केला असता, जर मूळ अर्थ खरोखर मेला असता. तो मेलेला नाही. दलित साहित्य पुढे आले तेव्हा त्याला कोणते प्रश्न विचारले गेले हे आठवावे. हे साहित्य आहे की समाजशास्त्राचा कच्चा माल? यात कलात्मक अलिप्तता आहे का? ही भाषा साहित्याच्या दिवाणखान्यात शोभेल का? या प्रश्नांत ‘जात’ हा शब्द एकदाही नव्हता, पण प्रत्येक प्रश्न कुळाचीच चौकशी करीत होता. म्हणून एखादा समीक्षक आज प्रेमाने आपल्या कवीला ‘जातिवंत कवी’ म्हणतो, तेव्हा ती शाबासकी आपण परत करावी असे माझे मत आहे. ज्या मापाने आपल्याला बाहेर ठेवले त्याच मापात बसल्याचा आनंद आपण मानू नये.

३ ऑक्टोबर २०२४ या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला ‘अभिजात’ भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. मराठीचा आनंद झाला तसा पालीचाही झाला. बुद्धाचा वरचा युक्तिवाद ज्या भाषेत आपल्यापर्यंत पोचला ती भाषा या मानास पात्र ठरली. पण त्याच दिवशी दिल्लीत आणखी एक निर्णय झाला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे काही राज्यांच्या तुरुंग-नियमावलीत जातीवरून ठरवलेले होते. एकाच दिवशी आपल्या भाषेला ‘चांगल्या कुळातली’ म्हणून गौरव मिळाला आणि स्वतंत्र भारताच्या तुरुंगात कुळावरून कामे वाटली जात होती हे न्यायालयाने नोंदवले. आपल्या वृत्तपत्रांत पहिल्या बातमीचा जल्लोष झाला. दुसऱ्या बातमीचे आणि पहिल्या शब्दाचे नाते मात्र कोणाला जाणवल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

याच्या उलट, आपले शाळकरी व्याकरण या बाबतीत समीक्षेहून शहाणे आहे. मी शिक्षक असल्यामुळे ‘शब्दांच्या जाती’ हा पाठ मला दरवर्षी शिकवावा लागतो. शब्दाची जात त्याच्या रूपावरून ठरत नाही, वाक्यात तो कोणते काम करतो यावरून ठरते हा त्या पाठाचा पहिला नियम. ‘तो मागे बसला’ यात ‘मागे’ क्रियाविशेषण, ‘घरामागे’ यात तोच शब्दयोगी अव्यय. काम बदलले, जात बदलली. त्यासाठी त्याला कोणी मारहाण करीत नाही. येथे गुणकर्माचे समर्थक लगेच पुढे येतील आणि म्हणतील की आमची व्यवस्थाही मुळात अशीच होती. त्यांना एकच विचारावे, काम बदलल्यावर गावात कोणाची जात बदलली? बाबासाहेबांनी दाखवले होते त्याप्रमाणे ही कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. शब्दांना जी मोकळीक आहे ती माणसांना दिलेली नाही.

५

या सगळ्या अर्थांशी खरी झुंज घेतली ती बाबुराव बागुलांनी. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे केवळ त्या क्रियापदाविषयी बोलायचे आहे. मराठीत ‘चोरणे’ म्हणजे दुसऱ्याची वस्तू पळवणे, तसेच आपले काही लपवणेही. आपण अंग चोरून बसतो, पाऊल चोरून टाकतो. ‘जात चोरणे’ या प्रयोगात हे दोन्ही अर्थ एकदम जागे होतात. परमुलखात नोकरीला गेलेला नायक आपली जात सांगत नाही. दुसऱ्या कोणाची जात त्याने घेतलेली नाही, तरी समाजाच्या दृष्टीने तो चोरच ठरतो आणि उघडा पडताच चोरासारखा मार खातो. म्हणजे माणूस म्हणून वावरणे हाच ऐवज, आणि तो त्याचा नसताना त्याने वापरला हा त्याचा गुन्हा! एका क्रियापदाच्या निवडीतून बागुलांनी हे सांगितले आहे. दलित साहित्यात शब्दकळा नाही म्हणणाऱ्यांनी हे एक शीर्षक फोडून पाहावे.

या चोरीला इतिहासात एक विलक्षण जोड आहे. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा काढली. मराठी व्याकरण रचणारे तेच हे दादोबा. सभासद गुप्तपणे एकत्र जमत, जातिबंधन मोडून एकत्र खात. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भयाने सभा मोडली. या मंडळींचे धैर्य मी नाकारीत नाही. पण दोन भयांतला फरक लक्षात घ्यावा. जात मोडल्याचे उघड झाले तर त्यांची जात जाणार होती. बागुलांच्या नायकाची जात उघड झाली तर त्याचा जीव जाणार होता.

६

आज सभ्य माणसांच्या तोंडून ‘जात’ हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला आहे. ‘आपण कोणत्यापैकी?’ असे विचारतात. पूर्ण नाव विचारतात आणि आडनावाशी थांबतात. ‘आमच्यातला’, ‘त्यांच्यातला’ असे बोलतात. ‘समाज’ या विशाल शब्दाला तर ‘अमुक समाज’, ‘तमुक समाज’ करून जातीच्या मापाचे शिवून टाकले आहे. लग्नाच्या जाहिरातीत ‘जातीची अट नाही’ असे लिहून पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’ असे जोडणारे सुशिक्षित आपण पाहतो. शब्द गेला, वस्तू राहिली. ती राहावी म्हणूनच बहुधा शब्द गेला.

म्हणून ‘जात हा शब्दच उच्चारू नका’ या उपदेशाला माझा विरोध आहे. जेथे जात सोसावी लागते तेथे ती उच्चारावीच लागेल. १९३६च्या आदेशातून ‘अनुसूचित जाती’ ही यादी आली आणि हा शब्द प्रथमच आपल्या हातात हक्काचे साधन म्हणून आला. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने कोणत्या रकान्यात काय लिहावे हा पेच त्याच्या मुलांनाही सुटला नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. १९३१ नंतर सर्व जातींची पूर्ण मोजणी झालीच नाही. येत्या जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ‘याने जातीयवाद वाढेल’ अशी ओरड जे करतात त्यांनी इतकी वर्षे जात न मोजता ती किती कमी झाली हे आधी सांगावे. रोग मोजणे म्हणजे रोग मानणे नव्हे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘जात’ हा शब्द अन्यायाची नोंद करण्यासाठी ठेवावा. गुणाची नोंद करण्यासाठी टाकावा. अत्याचाराच्या फिर्यादीत तो असावा, जनगणनेत असावा, कवितेच्या परीक्षणात नसावा. आपल्या चौमाहीने निदान एवढे करावे की आपल्या पानांवर कोणत्याही लेखकाला ‘जातिवंत’ म्हणू नये आणि कोणत्याही कृतीची ‘जातकुळी’ विचारू नये. कसदार, सच्ची, धारदार, नेमकी असे शब्द मराठीत भरपूर आहेत, आणि ते कोणाच्या बापाचे नाव विचारीत नाहीत.

‘जन्’ याच धातूपासून मराठीत आणखी एक शब्द आला आहे, ‘जण’. ‘चार जण आले’, ‘दहा जण बसले’. हा साधा, रोजचा शब्द माणसे मोजतो आणि प्रत्येकाला एकच मोजतो. त्यात कोणी पाऊण नाही, कोणी सव्वा नाही. एकाच धातूने आपल्या हाती दोन शब्द दिले. एकाने माणसाची प्रत लावली, दुसऱ्याने माणूस मोजला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, पण समाजात आणि अर्थव्यवहारात ते नाकारत राहू. ती विसंगती अजून मिटलेली नाही. ‘जी जात नाही ती जात’ ही कोटी यापुढे सभेत कोणी केली तर हसून सोडून न देता, ती कोणाच्या सोयीची आहे हे त्याला तेथेच विचारले पाहिजे.